गजभिये मॅडमची सिगार

गेल्या महिन्यात आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. गजभिये मॅडमचा फोटो, फोटोला हार, आणि माईकवर कोलते साहेब. कोलते साहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "मॅडम अत्यंत सोशिक होत्या. कधी कोणाला दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही." ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या बाईला यांनीच इथून घालवलं, तिला मेल्यावर सोशिक करून टाकलं की सगळे मोकळे. शोकसभेत भांडण शोभत नाही, म्हणून मी चहा न घेता वर आले आणि लिहायला बसले.

आधी एक सांगून टाकते. मॅडम डेंग्यूनं गेल्या. तरी माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्याच, "सिगार ओढायच्या ना, मग दुसरं काय होणार." आता डास काय सिगार बघून चावतो का? तंबाखू चांगली असते असं मी म्हणत नाही, मॅडमही म्हणत नव्हत्या. पण मेलेल्या माणसावर भलतंच बिल फाडू नये.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात मॅडम लेखाधिकारी होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. उंच, काळ्यासावळ्या, खळ केलेली सुती साडी, घट्ट अंबाडा. रागावल्या की आवाज चढवायच्या नाहीत, एवढं कोलते साहेबांचं खरं आहे. त्या शुद्ध बोलायला लागायच्या. "सुषमाताई, हे काम आपण केव्हा पूर्ण करणार आहात?" असं ऐकू आलं की मी चहा तसाच टाकून फाइल उघडायची. आणि "काय वं सुषमा, जेवली का नाई?" म्हणाल्या की समजायचं, आज सगळं ठीक आहे. पुढे योगायोगानं आम्ही एकाच स्कीममध्ये फ्लॅट घेतले. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. नवरा लवकर गेला होता, मुलगा अमित तेव्हा शिकत होता. मॅडमनी फ्लॅट सगळा स्वतःच्या पगारातून घेतला, पण नाव लावलं मुलाचं. "उद्या त्याचंच होनार हाय, मंग आजच काहून नाई?" असा त्यांचा हिशोब. आमच्या पिढीतल्या किती नोकरदार बायकांनी हेच केलं आहे, तुमच्या ओळखीत पाहा.

मॅडमना 'ठेवणीतलं' या शब्दाची चीड होती. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या, तेव्हा माझ्या शोकेसमध्ये लग्नातला कपांचा सेट होता. फुलाफुलांचा, सोनेरी काठाचा, कधी न वापरलेला. मी स्टीलच्या पेल्यात चहा आणला. मॅडम उठल्या, शोकेस उघडली, कप काढले, माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन धुतले आणि चहा त्यात ओतला. "कोनासाठी ठेवले वं हे? गव्हर्नर येऊन राहिला का तुह्याकडे?" सासूबाई आतून बघत होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी धुताना एक कप फुटला आणि मी रडकुंडीला आले, तर मॅडम म्हणाल्या, "फुटला म्हंजे कामी आला. शोकेसमधला कप मेलेलाच राह्यते."

त्यांच्या घरी हाच कायदा होता. आंब्याच्या पेटीतला सगळ्यात चांगला आंबा आधी कापायचा. नवी साडी घेतली की दुसऱ्या दिवशी अंगावर. मला आधी हा उधळेपणा वाटायचा. आम्ही जुन्या नागपुरातल्या महाल भागातले, भोसल्यांच्या काळापासून ठेवून ठेवून जगलेले लोक. आमच्याकडे चांगलं ते पाहुण्यांसाठी आणि उरलंसुरलं घरच्यांसाठी.

मग एकदा त्यांनी आईचं सांगितलं. मॅडमची आई तुमसरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. संध्याकाळी कारखान्याचा माणूस विड्या तपासायचा आणि मनाला येईल तेवढ्या बाजूला काढायचा. त्याला 'छाट' म्हणायचे. छाट विडीचे पैसे मिळायचे नाहीत, बरेचदा ती विडीही परत मिळायची नाही. "माही माय दिवसभर वळे, अन् रात्री ओढे त छाट. फाटलेली, ढिली, अर्धी भरलेली. चांगल्या बिड्या तिच्या हातून लाखो गेल्या असतीन, तोंडात एक नाई." हे सांगताना मॅडमचा आवाज साधा होता. त्यानंतर मी तो फुलाफुलांचा सेट रोज वापरायला काढला.

सिगारची सुरुवात ऑफिसातच झाली. आमच्या मोठ्या साहेबांना नातू झाला. जावई परदेशात, त्यानं सिगारींचा डबा पाठवलेला. साहेबांनी सगळ्या अधिकाऱ्यांना केबिनमध्ये बोलावलं. पुरुषांना सिगार आणि बायकांना पेढे. अधिकाऱ्यांत बाई एकच होती. मॅडमसमोर पेढ्याचा बॉक्स आला. त्यांनी पेढा घेतला, कागद नीट केला, पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि शेजारच्या डब्यातली सिगार उचलली. "अभिनंदन, साहेब. मला गोड चालत नाही," त्या म्हणाल्या. शुद्ध मराठीत. साहेब हसले, मग हसू अर्ध्यावर राहिलं, कारण मॅडम खरंच ती घेऊन गेल्या. मी फाइल घेऊन दारात उभी होते म्हणून हे मला ठाऊक. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, ही तुम्ही ओढणार?" तर म्हणाल्या, "नाई त काय शोकेसमध्ये ठेवू?"

तेव्हापासून त्यांचा नेम सुरू झाला. रविवारी सूर्य कलला की एक सिगार. आठवड्याला एकच. सदर बाजारातल्या एका दुकानात साधीशी मिळायची, तीच. आधी घरच्या गॅलरीत बसायच्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना खोकला होता, ते कळल्यावर मॅडम स्वतःहून गच्चीवर जाऊ लागल्या, वाऱ्याच्या उलट्या कोपऱ्यात खुर्ची टाकून. मी कधी कधी सोबत बसायची, पदर नाकाला लावून. त्या सांगायच्या, "धूर पोटात नाई घ्याचा. तोंडात खेळवाचा अन् सोडून द्याचा. घाई करशीन त कडू होते." तासभर त्या तिथे असायच्या. त्या तासात फोन उचलायच्या नाहीत. अमित पुण्याला नोकरीला लागला होता, त्याचाही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पल्लवी आली. पल्लवी मॅडमच्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर मॅडमनीच तिला शिकवली, आता ती विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीत इंजिनिअर आहे. कंपनीनं ट्रेनिंगला बाहेरदेशी पाठवलं होतं, तिथून तिनं आत्यासाठी एक सिगार आणली. एकच. काळ्या लाकडी पेटीत मखमलीवर झोपवलेली, पोटाला सोनेरी पट्टा. पल्लवी म्हणाली, "आत्या, हे पान कितीतरी वर्षं मुरवून ठेवतात. मग मोजक्याच बनवतात. ह्या संपल्या का पुन्हा अशी नाई होत." किंमत तिनं सांगितली नाही आणि मॅडमनी विचारली नाही. त्यांनी सिगार दोन बोटांत धरून हळूहळू दाबत पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हातानं वळली?"

"हातानंच."

"म्हंजे तिकडेबी कोनाची माय बसते वळत," मॅडम म्हणाल्या आणि सिगार परत मखमलीवर झोपवली.

व्हिडिओ कॉलवर अमित म्हणाला, "आई, ही ओढायची नसते. लोक जमवतात अशा. ठेव पेटीत." ठेव म्हणाला तो. मॅडमनी फोन माझ्याकडे दिला.

आणि मग मॅडमनी घोळ घातला. हा घोळ विडीवाल्याच्या घरात जन्मलेलं माणूसच घालू जाणे. सिगार त्यांना ओलसर लागली. विडी वळली की शेकावी लागते, भट्टीत नाही तर उन्हात, तर ती नीट जळते. हे त्यांच्या हाडात बसलेलं. त्यांनी आईचं जुनं सूप काढलं, सिगार त्यात ठेवली आणि गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी वाळत टाकली. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन. दुपारी चारला आणायला गेलो तर वरचं पान तडकलेलं. मॅडम मटकन खाली बसल्या. एरवी मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

पल्लवीनं फोनवर कपाळाला हात लावला. "आत्या, तिले ओल लागते. थंड अन् दमट जागा पाह्यजे." आता नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला, नागपुरात दमट जागा आणायची कुठून? जागा एकच होती. मॅडमचा कूलर, चारी बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला. एका डब्याला भोकं पाडून सिगार त्यात ठेवली आणि डबा कूलरच्या तोंडाशी. तडकलेल्या जागी मॅडमनी लाल धागा गुंडाळला, विडीला बांधतात तसा, शेवटी नखानं आत खोचून. वर सोनेरी पट्टा आणि खाली लाल धागा. मला हसू आलं. मॅडम म्हणाल्या, "हास, हास. माह्या हातची हाय आता थे."

हे सगळं चालू असतानाच स्कीमच्या ग्रुपवर फोटो पडला. गच्चीवर सिगार ओढताना मॅडम, कोणीतरी मागून काढलेला. खाली लिहिलेलं, 'हे आपल्या संस्कृतीत बसतं का?' मग अंगठे, हात जोडलेले, कोलते साहेबांचं 'आपल्याकडे असं चालत नाही.' यातलं 'आपल्या' म्हणजे कोणत्या जातीचे, ते मॅडमना बरोबर कळायचं. आणि कोलते साहेबांबद्दल काय सांगू? दिवसातून चार वेळा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटून खाणार, आणि जिन्याचा एकही कोपरा पांढरा ठेवलेला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

कोलते साहेबांनी पुण्याला अमितला फोन केला. काय सांगितलं देव जाणे, पण अमित दुसऱ्याच दिवशी हजर. अमित वाईट मुलगा नाही. लहानपणी माझ्याकडे डबा खायचा. पण त्याला लोकांची फार भीती. आई एकटी राहते, उद्या पडली-झडली तर लोक काय म्हणतील, सिगार ओढते तर लोक काय म्हणतील. त्यानं मधला मार्ग काढला. रविवारी गच्चीवर मिटिंग होईल, आईनं सगळ्यांसमोर एकदा 'चुकलं, पुन्हा होणार नाही' म्हणायचं, विषय संपला. नाही म्हटलं तर पुण्याला यायचं. मला खाली येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही समजवा ना तिला. एक शब्द तर बोलायचा आहे." मी म्हटलं, "बाबा रे, तो एक शब्द तुझ्या आईच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकलेला नाही."

मिटिंग मुद्दाम रविवारी संध्याकाळी ठेवली होती, मॅडमच्याच वेळेला. तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडलेलं, खुर्च्या मांडलेल्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मॅडम आल्या त्या लाल काठाच्या नव्या साडीत. हातात तो डबा, अडकित्ता आणि काडेपेटी.

कोलते साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हा सर्वांना तुमच्याबद्दल आदरच आहे. फक्त सभ्य लोकांची स्कीम आहे, लहान मुलं आहेत. तुमचं काय म्हणणं?"

मला वाटलं, आता शुद्ध मराठी येणार. नाही आली. मॅडम भर मिटिंगमध्ये आईच्या भाषेत बोलल्या.

"माहं म्हननं येवढंच हाय. खोकल्याच्या मानसाले त्रास झाला त थे म्या आईकलं अन् वर आली. आजून कोनाले धुराचा त्रास असंन त सांगा, म्या आजपासून अंबाझरी तलावावर जाऊन ओढीन. हाय कोनाले?" त्यांनी एकेका खुर्चीकडे पाहिलं. "नाई ना? मंग तरास धुराचा नाई. बाई ओढते ह्याचा हाय. अन् कोन बाई, ह्याचाबी हाय. भिंती लाल करनाऱ्याईसाठी मिटिंग नाई लागली इथं कधी."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी खाकरलं. कोलते साहेब तोंडात मूग गिळून बसले. मूग का खर्रा, ते मला दिसलं नाही.

"माही माय जनमभर छाट ओढून मेली," मॅडम म्हणाल्या. "तुमी मले चुकलं म्हनाले सांगता. काय चुकलं थे सांगा."

तेव्हा अमित पुढे आला. घामानं भिजला होता. "आई, बस झालं. सगळ्यांसमोर तमाशा नको. तू ती पेटवलीस ना, तर मी उद्याच फ्लॅट विकायला काढतो. घर माझ्या नावावर आहे. मग तुला यावंच लागेल."

आपल्या तोंडून असं काही निघेल, असं त्याला स्वतःलाही वाटलं नसावं. तो लगेच खाली बघायला लागला. मॅडम मात्र त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं, संपलं. आता ही बाई डबा बंद करेल, आणि मी तिला दोष देणार नाही. घर आहे शेवटी, पस्तीस वर्षांच्या पगाराचं.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि आपल्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या उलट बाजूला बसल्या. अडकित्त्यानं सिगारचं टोक कापलं, सुपारी कातरतात तसं, एका दाबात. काडी पेटवली. सिगार लगेच तोंडात नाही घातली, आधी तिचं तोंड ज्योतीवर फिरवून फिरवून शेकलं. मग ओठात धरून हलकेच ओढली, आणि पांढरा दाट धूर वर सोडला.

कोणीच उठलं नाही. जायचं तरी कसं आणि थांबायचं तरी कशाला, अशी सगळ्यांची गत. मॅडम मला चव सांगायला लागल्या, जणू गच्चीवर आम्ही दोघीच होतो.

"पह्यले सुकं लाकूड लागते वं सुषमा. नव्या कपाटातलं." थोड्या वेळानं, "आता भाजल्या चन्यावानी. फुटान्याच्या भट्टीपाशी उभं राह्यल्यावानी." मग डोळे मिटून, "कॉफी हाय. पन दुधाची नाई, कढवलेली. अन् मांगून जरासा गूळ, जळलेला." आणि मग त्या थांबल्या. धूर तोंडात तसाच ठेवला, भुवया उंचावल्या, आणि हसत सुटल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"वाळा. वाळ्याचा वास येऊन राहिला. कूलरचा." हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ज्यानं बनवली त्यालेबी नाई मालूम अशी चव. अख्ख्या दुनियेत मीच घेऊन राहिली हे."

तो वास हळूहळू सगळ्या गच्चीवर पसरला. खोटं कशाला बोलू, चांगला वास होता. खोकल्याच्या आजोबांच्या बायकोनं पदर तोंडावरून काढून एकदा हुंगून पाहिलं, मी बघितलं. मग लोक एकेक करून खाली गेले. कोलते साहेब 'बघू पुढे' म्हणाले आणि गेले. अमित कठड्याला टेकून उभा राहिला. मॅडमनी घाई केली नाही. आग धाग्याजवळ आली तेव्हा धागा सोडवून घेतला, पट्टा काढला आणि बोटं भाजेपर्यंत ओढली. मग म्हणाल्या, "अमित, तू वाईट नाईस बाबू. तू लोकाईले भेतं." अमित रडायला लागला. मीही रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

सकाळी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा अमितच्या हातात दिला. तो पाया पडायला लागला. "आई, मी रागात बोललो गं. कोण विकतंय घर? राहा तू. काय पाहिजे ते ओढ." मॅडमनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण किल्ल्या परत घेतल्या नाहीत. "रागात मानूस खरं बोलते. घर तुहं हाय हे मले मालूम नोतं, काल समजलं." मी म्हटलं, मॅडम, हा हट्ट झाला. पोरगा माफी मागतोय, आणखी काय पाहिजे? त्या म्हणाल्या, "त्यानं परवानगी देल्ली त राहाचं? नाई वं. परवानगीत नाई राहात मी." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. थोडा अजूनही आहे.

आठवड्याभरात त्यांनी नागपुरातच इंदोऱ्याला दोन खोल्या बघितल्या. टेम्पो आला त्या सकाळी मी खाली सामान चढवायला मदत करत होते. कपाट, कूलर, पुस्तकांची खोकी, आईचं सूप. मॅडम ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पर्स. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून अमित. आई त्याचा फोन उचलत नव्हती.

"मॅडम, अमित विचारतोय, कुठे चाललात. पत्ता मागतोय."

"सांग, घरी चालली."

मी तसं सांगितलं. पलीकडून तो काहीतरी म्हणाला. मला ते मॅडमना सांगवेना, पण त्या माझ्या तोंडाकडे बघतच होत्या.

"काय म्हनते?"

"भाड्याचंच ना ते, म्हणतो."

मॅडमनी खिडकीतून हात काढून माझ्या हातातला फोन घेतला आणि कानाला लावला. "भाड्याचंच हाय बाबू," त्या म्हणाल्या, "पन करार माह्या नावानं हाय. तू ये. कवाबी ये. फक्त बेल वाजवून येजो."

फोन माझ्या हातात परत देऊन त्यांनी ड्रायव्हरला चल म्हटलं, आणि टेम्पो गेटबाहेर निघाला.